मामांचं पूर्ण नाव

शनिवारची दुपार आहे, तीन वाजून गेलेत, आणि सुदर्शन मगदूम भिंतीकडे तोंड करून पडलाय. डोळे मिटले की टाळ्या ऐकू येतात, उघडले की भिंतीवरचा पोपडा दिसतो. टाळ्यांपेक्षा पोपडा बरा, म्हणून तो बराच वेळ डोळे उघडेच ठेवतो. पण पोटात दीड पुरणपोळी आहे. बायकोनं, त्रिशलानं, कौतुकानं वाढलेली. खाताना घास फिरत होता तरी ताटात टाकवली नाही.

"लोकरे साहेबांनी स्वतः फोन केला होता मला," असं ती वाढताना सांगत होती. "म्हणाले, भाषणाची शेवटची चार मिनिटं मगदूम एकदासुद्धा अडकला नाही. मी शेजारच्या काकूंना पण सांगितलं." सुदर्शननं मान हलवली होती. साहेब खोटं बोलले नव्हते. खोटं बोलला होता तो सुदर्शन.

त्याचं असं आहे की सुदर्शन लहानपणापासून बोलताना अडकतो. शाळेत त्याला तोतऱ्या म्हणत, कारखान्यात तोंडावर कुणी म्हणत नाही एवढंच. क, ख, ग, प, ब ही अक्षरं त्याच्या वाटेत आडवी बसलेली. अशा माणसाला एक विद्या आपोआप येते. अडणारा शब्द लांबून दिसला की तो वाट बदलतो. पुण्याहून येताना कंडक्टरला ‘कोल्हापूर’ म्हणवत नाही म्हणून निपाणीचं तिकीट काढून कोल्हापुरात उतरणारा माणूस जगात हा एकटाच असावा. म मात्र त्याचा सख्खा. मीठ, मंगळवार, मगदूम, मामा, मी. हे शब्द त्याला कधी अडले नाहीत.

मामा म्हणजे त्याच्या फाउंड्रीतले सगळ्यात जुने मोल्डर. एकतीस वर्षं वाळूचे साचे केले. शिक्षण चौथी. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडून तो गोळा मोडायचा, आणि ओल किती आहे ते सांगायचं. प्रयोगशाळेचं यंत्र नंतर तेच सांगायचं. रोज सकाळच्या पहिल्या तासात ओतलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागांत भोकं पडत. इंजिनिअर भट्टीला दोष देत राहिले. मामांनी ओळखलं की रात्रभर टाकीत पडून राहिलेली वाळू तळाला ओली होते. तळातून निघणाऱ्या वाळूच्या पहिल्या दोन गाड्या साच्याला वापरायच्या नाहीत, परत मिक्सरमध्ये टाकायच्या, की संपलं. सुदर्शननं तीन महिने मोजमाप केलं, आलेख काढले. खराब माल एक तृतीयांशावर आला. मग मामाच जुन्या मॅनेजरना म्हणाले, "पुण्याच्या हेड हापिसातनं लोकं येतील तवा त्यांच्यापुढं ह्यो बोलंल." मॅनेजर हसले. "हा?" "ह्योच. मी रोज ऐकतोय की त्याचं."

आणि ते ऐकत होते हे खरं होतं. सुदर्शन अडकला की जगातला प्रत्येक माणूस घाईघाईनं त्याचा शब्द पुरा करून देई, आईसुद्धा, त्रिशलासुद्धा. मामा तेवढे गप्प उभे राहत. हातातली वाळू हातात, नजर त्याच्यावर, आणि शब्द येईल तेव्हा येईल. पुण्याचे लोक येण्याआधी दोन महिने ते छातीच्या दुखण्यानं गेले. मॅनेजरही बदलले, लोकरे साहेब आले.

मामांचं नाव कृष्णात पोवार. सुदर्शननं ते आजच्या भाषणासाठीच्या पडद्यावर मुद्दाम लिहिलं नव्हतं. तिथं फक्त मुठीतल्या वाळूचा फोटो होता. नाव आपण आपल्या तोंडानं घ्यायचं असं त्यानं ठरवलेलं, आणि आठ दिवस आरशापुढं तेवढंच घोकलेलं. आज सकाळी तो त्या फोटोपर्यंत घाम पुसत, अडखळत कसाबसा पोचला. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "फार छान. ही पद्धत शोधली कुणी?" त्यानं तोंड उघडलं. क. क पुढं सरकेना. कुणी खोकलं. कुणी मोबाइल पाहिला. पुढच्या रांगेतल्या पाहुण्याचे ओठ त्याला मदत करायला हलू लागले. लोकरे साहेबांनी घड्याळाकडं बघितलं.

"मी," सुदर्शन म्हणाला.

आणि मग जन्मात झालं नव्हतं ते झालं. जीभ सुटली. उरलेलं सगळं तो धडाधड बोलला, क सुद्धा, प सुद्धा. टाळ्या पडल्या. फाटकापाशी उत्कृष्ट सूचनांचा फलक आहे, त्यावर पेंटर आज संध्याकाळी नाव लिहिणार आहे. सु. म. मगदूम. एकदा फलकावर चढलेलं नाव तिथं कुणी खोडल्याचं आजवर कुणाला आठवत नाही.

पोपडा हळूहळू लांब जातो. पुरण आपलं काम करतं. पंख्याचा आवाज जाड होत होत साचेघरातल्या मोठ्या पंख्यासारखा घरघरायला लागतो, आणि कुणीतरी पलंगाच्या कडेवर बसतं. गादी त्या बाजूला खचते.

"झोपलाईस व्हय रं?"

मामा पायाला लागलेली वाळू झाडतायत. खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल. वाळू फरशीवर पडते, काळी, ओलसर, आणि सुदर्शनच्या मनात पहिला विचार येतो तो हा की त्रिशला ओरडेल.

"मामा, तुम्ही..." तो उठून बसतो. "तुम्ही कधी आलात?"

"शिफ्ट सुटली." मामा पलंगाखाली हात घालून मूठभर वाळू उचलतात, दाबतात, मोडून बघतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मामांची मेल्यावरही गेलेली नाही. "हितली बरी हाय. ओल जरा जास्त वाटतीया. रडलास काय?"

"नाही."

"मग रडायचं न्हाईस व्हय, खुळ्या. एवढं झाल्यावर?"

सुदर्शन मान खाली घालतो. त्यांना कळलंय. मेलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही हे त्याला स्वप्नात अगदी साधं वाटतं. कानांच्या पाळ्या तापतात. पलंगाखाली शिरून लपता आलं असतं तर तो शिरला असता, पण पलंगाखाली आता साच्यांची रांग लागलीय, लांबच्या लांब, भट्टीपर्यंत. ते दोघं रांगेच्या कडेनं चालतायत. त्रिशलाची डब्यांची मांडणी भट्टीशेजारी उभी आहे. साच्यांच्या मधोमध दवाखान्यातली लोखंडी कॉट, त्यावर मामांची चादर नीट घडी घालून ठेवलेली.

"पाणी पाहिजे का?" सुदर्शन विचारतो. प अडकत नाही. इथं काहीच अडकत नाही आणि त्याचीच त्याला भीती वाटते.

"नगं. आता काय पाणी." मामा कॉटला वळसा घालतात. "पुण्याची लोकं कशी हुती?"

"चांगली होती."

"नीट ऐकली?"

"ऐकली."

"हसली न्हाईत न्हवं?"

सुदर्शनला हे सहन होत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हा माणूस अजून विचारतोय की माझ्या पोराला कुणी हसलं तर नाही. "मामा, मी तुमचं नाव घेतलं नाही," तो एका दमात सांगून टाकतो. "मला ते आलंच नाही. क वर अडकलो. सगळे बघत होते. माझा इलाज नव्हता, मामा. तुम्हाला माहीत आहे माझं."

मामा थांबतात. ऐकताना थांबायचे तसेच, हातातली वाळू हातात.

"व्हय," ते म्हणतात. "माहीत हाय की. नाव आलं न्हाई, त्यात तुजा काय दोष?" मग वाळू एका हातातून दुसऱ्या हातात घेतात. "पर मामा म्हणायचं हुतंस की. ते तर येतंय तुला."

सुदर्शनला ते येतं. ओठ म वर मिटले होते. सकाळी, त्या क्षणी, ते मिटलेले ओठ दोन्हीकडं उघडू शकले असते. मामा म्हणाला असता तर बाईंनी विचारलं असतं, मामा कोण, पूर्ण नाव काय, आणि परत तोच क. मी म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. हा हिशेब अर्ध्या क्षणात केला होता त्यानं. तोतरेपणाच्या आड लपून केला होता. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, आणि वर म्हणतो इलाज नव्हता.

"आणि," मामा विचारतात, अगदी चौकशी करावी तसं, "टाळ्या पडल्यावर कसं वाटलं?"

"मामा, नका ना विचारू."

"सांग की."

"बरं वाटलं," सुदर्शन म्हणतो, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटते की तो दोन्ही हातांनी तोंड झाकतो. "लई बरं वाटलं."

हात काढतो तर समोर शाळेचा फळा आहे. तिसरीचा वर्ग. तो बाकावर बसलाय, गुडघे बाकात मावत नाहीत. शेजारी मामा, त्यांचेही मावत नाहीत. गुरुजी हजेरी घेतायत. या वर्गात सुदर्शनच्या नावापुढं वर्षभर गैरहजेरी लागत होती. तो समोर बसलेला असायचा, पण ‘हजर’ म्हणेपर्यंत गुरुजी पुढच्या नावावर पोचलेले असायचे. आई शाळेत येऊन भांडली होती, माझं पोरगं रोज येतंय म्हणून.

"पोवार कृष्णात," गुरुजी पुकारतात.

मामा सुदर्शनकडं बघतात. आता त्यांच्या वतीनं बोलायला दुसरं कुणी नाही, हे सुदर्शनला कळतं. ‘हजर’ म्हणायचं आहे, एवढंच. तोंड उघडतो, पण आवाज कुठंतरी छातीच्या तळाला ओल्या वाळूसारखा बसलाय, सुटत नाही. गुरुजींचं पेन वहीवर टेकतं. "गैरहजर," ते म्हणतात आणि पान उलटतात. मामा बाकावरून हळूच उठतात, दंगा न करता, उशीर झालेला मुलगा बाहेर जातो तसे.

"मामा, थांबा!"

"थांबलोय की. मी कवा गेलतो?"

पण ते आता सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसलेत. खुर्च्यांवर पांढरे अभ्रे, आणि मामांच्या खुर्चीचा अभ्रा वाळूनं काळा झालेला. पुण्याचे पाहुणे ओळीनं बसलेत. पडद्यावर ती मूठ. त्या मुठीच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग सगळ्या सभागृहाला दिसेल एवढा मोठा आहे, आणि कुणालाच ती मूठ कुणाची हे विचारावंसं वाटत नाही. लोकरे साहेबांचं घड्याळ पाटाएवढं झालंय.

"फार छान," बाई म्हणतात. "ही पद्धत शोधली कुणी?"

यावेळी सुदर्शन तयार आहे. तो मामांकडं बघतो. मामा मान हलवतात: दमानं. तो क साठी तोंड उघडतो. आणि बघता बघता ओठ आपोआप मिटतात, म वर. जिभेला वाट माहीत झालीय. ‘मी’ ओठांच्या आत येऊन उभा राहिलाय, धक्के देतोय, टाळ्यांचा आवाज आत्ताच सुरू झालाय, पाहुण्यांचे हात वर उचललेले आहेत. आणखी क्षणभर, आणि तो बाहेर पडणार. सुदर्शन खालचा ओठ दातांखाली घेतो आणि गच्च चावतो. ‘मी’ आतून ढकलतो, हा वरून चावतो. शेवटच्या रांगेतून मामा उठून उभे राहतात.

"आरं, हळू," ते म्हणतात. "लागंल न्हवं तुला."

"अहो! अहो, उठा! काय झालं?"

त्रिशला त्याचा खांदा हलवतेय. पंखा फिरतोय. साडेचार वाजलेत. फरशी स्वच्छ आहे, वाळूचा कण नाही. पण उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा लाल डाग पडलाय, आणि सुदर्शनच्या खालच्या ओठात दोन दात रुतल्याच्या खुणा आहेत, एक चांगली खोल. हनुवटीवरून ओघळ गेलाय.

"बाई गं! एवढं कसलं स्वप्न?" ती पदर ओठाला लावते. "थांबा, बर्फ आणते."

"थांब," तो म्हणतो. "मी ख... ख..."

"खाली पडलात? खोकला?"

तो मान हलवतो. नाही.

"खरचटलं?"

तो तिचा हात धरतो आणि खाली बसवतो. ती बसते. सात वर्षांत पहिल्यांदा ती त्याचा शब्द पुरा करायचं सोडते, कदाचित रक्त बघून घाबरली म्हणून असेल. "खोटं बोललो," तो म्हणतो. "सकाळी. ती पद्धत माझी नव्हती. मामांची होती."

त्रिशला त्याच्याकडं बघत राहते. शेजारच्या काकू, पुरणपोळ्या, साहेबांचा फोन, सगळं तिच्या तोंडावरून एकामागून एक जाताना त्याला दिसतं. ती बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तो फोन उचलतो आणि लोकरे साहेबांना लावतो. फोनवर बोलणं म्हणजे त्याला फाशी. नोकरीच्या आठ वर्षांत त्यानं साहेब लोकांना स्वतःहून एकदाही फोन केलेला नाही.

"बोल, हिरो!" साहेब म्हणतात. मागं फाटकापाशी ट्रक मागं घेत असल्याचा आवाज येतोय. "पेंटर आलाय बघ, डबे उघडतोय. तुझं नाव घालायला."

"साहेब, न... नका घालू. ती पद्धत मामांची आहे."

"मामा? ते वारले ते?"

"हो."

"अरे, तू मदत घेतली असशील त्यांची. सगळेच घेतात," साहेब म्हणतात. "त्यात एवढं काय?"

"मदत नाही. सगळं त्यांचंच. त्यांचं नाव लिहा."

साहेबांचा आवाज कोरडा होतो. "मगदूम, फलकावर मामा असं लिहू का? पूर्ण नाव काय त्यांचं?"

"क," सुदर्शन म्हणतो. "क... क..."

"कांबळे? कदम?"

"नाही. क... क... क..."

"अरे, मेसेज टाक ना मला. लिहून पाठव."

"नाही," सुदर्शन म्हणतो, जरा जोरात. त्रिशला दचकते. मेसेज टाकणं किती सोपं आहे ते त्याला माहीत आहे. आयुष्यभर तो तेच करत आलाय. पण ते नाव तोंडानं घ्यायचं ठरलं होतं. क घशात रुततो, निघतो, परत रुततो. मानेच्या शिरा ताठ होतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि तो तसाच ढकलत राहतो, लाजेनं लाल होऊन, बायकोसमोर, साहेबांच्या कानात. पलीकडं ट्रक थांबलाय. साहेब का कुणास ठाऊक, फोन ठेवत नाहीत.

"कृष्णात," तो म्हणतो. "कृष्णात प... पोवार."

"कृष्णात पोवार," साहेब सावकाश म्हणतात. कुणाला तरी सांगतात, "थांब रे, दुसरं नाव आहे." मग परत फोनवर येतात. त्यांच्या आवाजात आता हिरो नाही. "बरं. हे नाव गेलं फलकावर. पण सोमवारी पुण्याला मला कळवायला लागणार, आणि तिथले विचारणार. त्या बाईंनी तुला सरळ प्रश्न विचारला होता, कुणी शोधलं म्हणून. तू काय सांगितलंस, आठवतंय?"

"आठवतंय."

"काय सांगितलंस? तुझ्या तोंडून ऐकू दे."

उत्तर एवढंसं आहे, त्याला कधी न अडलेलं. सुदर्शन ओठ मिटतो. क म्हणायला ओठाला ओठ लावावा लागत नाही, याला लागतो. फुटलेला खालचा ओठ वरच्यावर टेकतो आणि ठणका थेट हनुवटीत उतरतो. तो थांबतो. परत मिटतो. आवाज येत नाही. जन्मात पहिल्यांदा म अडलाय. त्रिशला बघतेय, फोनमधला प्रश्न तिला ऐकू आलाय, शब्द कळलाय, आणि ती तो सांगत नाही. साहेबही सांगत नाहीत.

"म... म... म... मी," तो म्हणतो, आणि जखम पुन्हा उघडते.